चिनी बोलायला शिकताना: मराठी कान, रोजचे शब्द आणि आजची बोली

चीनच्या राजधानीचं नाव तिथली माणसं ‘बीजिंग’ असं घेत नाहीत. ते म्हणतात पेय३ चींग१. हे लिहिताना आपल्याला काहीच जड जात नाही, कारण यातला प आणि च हे आपलेच आहेत. रोमन लिपीतलं स्पेलिंग इंग्रजीच्या सवयीने वाचलं की त्याचा ब आणि ज होतो. मराठी माणूस चिनी शिकायला बसतो तेव्हा बहुतेक साहित्य इंग्रजीतून येतं, आणि ज्या ध्वनींची आपल्याला लहानपणापासून सवय आहे तेच हातातून निसटतात. म्हणून माझा पहिला आग्रह असा: चिनी इंग्रजीतून शिकू नका, कानाने मराठीतून शिका.

हा लेख बोलण्यापुरता आहे. भाषा फूथोंगहुआ, म्हणजे चीनची प्रमाण बोली, जिला बाहेर मँडरिन म्हणतात. शब्दापुढचे आकडे सुरांचे आहेत, त्याबद्दल पुढे. ज्या अक्षरापुढे आकडा नाही ते हलकं आणि आखूड म्हणायचं.

पायरी १: पिनयिन मराठीतून वाचा

१९५८ साली चीनने चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पिनयिन ही पद्धत स्वीकारली. शब्दकोश, ॲप, पाठ्यपुस्तक, मोबाइलचा कीबोर्ड, सगळं यावर चालतं, त्यामुळे ती शिकायला पर्याय नाही. फक्त वाचायची ती अशी.

बी म्हणजे प आणि पी म्हणजे फ (ओठ मिटून, श्वास सोडून). एफ म्हणजे इंग्रजीतलाच एफ, तो मी फ़ असा लिहिते. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. चिनीत प-फ, त-थ, क-ख हाच भेद महत्त्वाचा आहे. ब, द, ग हे घोष ध्वनी तिथे नाहीतच. इंग्रजीत नुसत्या श्वासाच्या फरकाने शब्द बदलत नाही. आपण ‘पळ’ आणि ‘फळ’ यांत कधी गोंधळ करत नाही.

च-छ चं घर थोडं मोठं आहे आणि इथेही मराठी कामी येते. ‘चहा’ मधला च आणि ‘चोर’ मधला च वेगळे आहेत हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, तरी कळतं. पिनयिनमधला जे म्हणजे ‘चहा’चा च, आणि झेड म्हणजे ‘चोर’चा च. हा दुसरा मी च़ असा लिहिते. क्यू म्हणजे तालव्य छ, ‘चहा’च्या च च्या जागचा. सी म्हणजे च़ म्हणतानाच जोरात श्वास सोडायचा, तो मी छ़ असा लिहिते. उरले झेड-एच आणि सी-एच: जीभ ट म्हणताना जाते तिथे मागे वळवून च आणि छ म्हणा. माझ्या लेखनात च्य, ची, छ्य, छी दिसलं की तालव्य, नुसता च किंवा छ दिसला की जीभ वळवलेला. एस-एच म्हणजे ष, तोही खरोखर मूर्धन्य, म्हणजे जीभ मागे वळवून. आपण बोलताना ष चा श करून टाकतो, इथे तसं चालणार नाही, कारण एक्स म्हणजे श हा वेगळा आहे. आर हा आपला र नव्हे. ष म्हणत असतानाच कंठातून आवाज काढा, तो ध्वनी मिळेल.

स्वरांत दोनच नवे. एक, ई म्हणता म्हणता ओठ ऊ सारखे गोल करायचे; तो मी ‘यु’ असा लिहिते. (मोबाइलवर टाइप करताना यासाठी व्ही हे अक्षर दाबतात, हे कुणी सांगितलं नाही तर शोधत बसावं लागतं.) दुसरा घशातून लांबवलेला अ, त्यासाठी मी ऽ वापरते. छ१ म्हणजे खाणं आणि छऽ१ म्हणजे गाडी. हा फरक पहिल्याच आठवड्यात पक्का करा.

पायरी २: सूर शब्दासोबतच पाठ करा

सूर चार. पहिला वरच्या पट्टीत सपाट. दुसरा खालून वर चढणारा, आपण आश्चर्याने ‘काय?’ म्हणतो तसा. तिसरा तळाशी दबलेला. चौथा वरून खाली पडणारा, ‘बस!’ असं दटावून म्हणावं तसा. तिसऱ्याबद्दल पुस्तकं ‘खाली जाऊन पुन्हा वर’ असं सांगतात. एकटा शब्द सावकाश म्हटला तर तो तसा येतोही. पण वाक्यात तो बहुतेक वेळा नुसता खाली राहतो. सुरुवातीपासून तो खालचाच शिकलात तर बोलणं लवकर सुटतं.

सूर ही सजावट नाही. माय३ म्हणजे विकत घेणं, माय४ म्हणजे विकणं. ष्वेय३ च्याव३ म्हणजे उकडलेले मोमोसारखे पदार्थ, ष्वेय४ च्याव४ म्हणजे झोपणं.

दोन नियम लगेच लागतात. तिसरा सूर लागोपाठ दोनदा आला की पहिला दुसऱ्या सुरात जातो. आपल्याकडे घराघरांत असलेल्या शाओमी फोनचं नाव याचं चांगलं उदाहरण आहे: लिहायला श्याव३ मी३, बोलायला श्याव२ मी३. अर्थ राळे, तेच आपलं भरडधान्य. दुसरा नियम ‘नाही’साठी: पू४ च्या पुढे चौथा सूर आला की तो पू२ होतो. बाकीचे बदल ऐकता ऐकता कळतात, त्यांचे तक्ते पाठ करू नका.

शब्द नुसता लिहून ठेवू नका. आवाज ऐका, म्हणा, स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा आणि मूळ आवाजाशेजारी ठेवून ऐका. पहिल्या पंधरवड्यात नव्या शब्दांपेक्षा हे जास्त करा.

पायरी ३: पहिली वाक्यं, आणि एक दुकान

नी३ हाव३ (बोलताना नी२ हाव३) सगळ्यांना माहीत असतं. रोजच्या ओळखीची माणसं एकमेकांना ते फारसं म्हणत नाहीत. सकाळी नुसतं च़ाव३ म्हणतात, आणि जुन्या पिढीत, विशेषतः उत्तरेकडे, छ१ ल मा? हा प्रश्न ऐकू येतो. अर्थ: जेवलात का? आपल्याकडेही दारात भेटलेल्या माणसाला हेच विचारतात आणि उत्तरात जेवणाचा तपशील कुणी देत नाही. ‘छ१ ल’, एवढं म्हणून पुढे जायचं.

या वाक्यातला मा म्हणजे आपला शेवटचा ‘का’. विधानाच्या शेवटी लावला की प्रश्न तयार. क्रियापद बदलत नाही, लिंग नाही, वचन नाही. आग्रहाच्या ‘ना’साठी पा: च़ोव३ पा, चला ना.

आभाराला श्ये४ श्ये, त्यावर पू२ खऽ४ छी. चुकलं तर त्वेय४ पु छी३. गर्दीतून वाट काढताना, कुणाला थांबवून काही विचारताना पू४ हाव३ ई४ स, हे जास्त सहज. समजलं नाही तर थींग१ पु तोंग३, ‘ऐकून कळत नाही’. हे वाक्य सुरुवातीला सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

आता एखाद्या चिनी शहरातलं नूडल्सचं छोटं दुकान घ्या. टोमॅटो-अंड्याचे नूडल्स हा तिथला साधा, सगळीकडे मिळणारा पदार्थ आहे.

– लाव३ पान३, लाय२ ई४ वान३ शी१ होंग२ ष४ ची१ तान४ म्येन४. (मालक, एक वाटी टोमॅटो-अंडं नूडल्स द्या.)
– याव४ ला४ मा? (तिखट हवं का?)
– वेय१ ला४. पू२ याव४ श्यांग१ छ़ाय४. (थोडंसं. कोथिंबीर नको.)
– च़ाय४ चर४ छ१, हाय२ ष ता३ पाव१? (इथेच खाणार की बांधून देऊ?)
– ता३ पाव१. त्वो१ षाव छ्येन२? (बांधून. किती झाले?)
– ष२ ऊ३ ख्वाय४. साव३ चर४. (पंधरा. इथे स्कॅन करा.)

नाणं युआन असलं तरी बोलताना ख्वाय४ म्हणतात. तुम्ही क्यूआर कोड स्कॅन केला की गल्ल्याजवळचं यंत्र ओरडतं: च१ फ़ू४ पाव३ ताव४ चांग४…, म्हणजे अलीपे या चिनी पेमेंट ॲपमधून अमुक रक्कम जमा. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात जो आवाज येतो, तोच. हा एक प्रसंग संपूर्ण तोंडपाठ करा आणि मग त्यात पदार्थ, आकडा, आवड बदलत जा. सुटे पन्नास शब्द पाठ करण्यापेक्षा यातून जास्त हाती लागतं.

शाकाहारी वाचकांसाठी एक सांगणं. ‘मी शाकाहारी’ हे वो३ छ१ सू४. पण नुसत्या तेवढ्यावर विसंबू नका. मांसाच्या रश्शातली भाजी अनेकांना मांसाहार वाटत नाही. पू२ याव४ रोव४ (मांस नको), पू२ याव४ ची१ तान४ (अंडं नको) असं एकेक सांगा.

पायरी ४: हाक कशी मारायची

पाठ्यपुस्तकं इथे कमी पडतात, आणि माणसं जोडली जातात ती इथेच. रिक्षा, टॅक्सी, दुरुस्तीवाले यांना ष१ फ़ु. दुकानदाराला, स्त्री असो वा पुरुष, लाव३ पान३. हॉटेलात वाढणाऱ्याला फ़ू२ ऊ४ युएन२. आईच्या वयाच्या बाईला आ१ ई२, म्हणजे मावशी. आदराचा ‘तुम्ही’ म्हणजे नीन२. पेयचींगमध्ये तो जास्त ऐकू येतो.

बाजारात विक्रेते गिऱ्हाइकाला मेय३ न्यु३ (सुंदरी) किंवा ष्वाय४ कऽ१ (देखणा दादा) म्हणतात. त्यात काही सूचक नसतं. मात्र अनोळखी तरुणीला श्याव३ च्ये म्हणू नका. तैवानमध्ये तो सभ्य शब्द आहे, चीनच्या मुख्य भूमीवर त्याला देहविक्रयाचा अर्थ चिकटला आहे.

स्वतःसाठी चिनी नाव घ्या. अक्षरं निवडायला एखाद्या चिनी माणसाची मदत घ्या. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथली भाषा बोलायला-लिहायला शिकले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. चीनमध्ये त्यांना खऽ१ ती४ ह्वा२ म्हणून ओळखतात. त्यातलं ह्वा२ म्हणजे चीन; पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांना ते जोडलं होतं. चिनी ज्येष्ठांशी बोलताना हे नाव घेऊन पाहा. महाराष्ट्रातून आलात हे सांगायची याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

पायरी ५: शब्दांची कुटुंबं आणि आकडे

चिनीत नवा शब्द सहसा जुन्या दोन शब्दांना जोडून होतो. त्येन४ म्हणजे वीज. त्येन४ ह्वा४ (वीज-बोलणं) टेलिफोन, त्येन४ नाव३ (वीज-मेंदू) संगणक, त्येन४ यींग३ (वीज-सावली) सिनेमा, त्येन४ थी१ (वीज-शिडी) लिफ्ट. छऽ१ म्हणजे गाडी: ह्वो३ छऽ१ (आग-गाडी) रेल्वे, छऽ१ चान४ स्टेशन. थ्ये३ म्हणजे लोखंड: ती४ थ्ये३ मेट्रो, काव१ थ्ये३ अतिवेगवान रेल्वे. एक मूळ शब्द घ्या आणि त्याची चार-पाच मुलं एकाच पानावर लिहा.

आकडे एक ते दहा: ई१, अर४, सान१, स४, ऊ३, ल्योव४, छी१, पा१, च्योव३, ष२. पुढे फक्त जोडणी आहे: अकरा म्हणजे दहा-एक, एकोणपन्नास म्हणजे चार-दहा-नऊ. वार (रविवार सोडून) आणि महिनेही आकड्यांनीच होतात: सोमवार शींग१ छी१ ई१, मे महिना ऊ३ युए४. वस्तू मोजताना दोनसाठी अर४ नव्हे, ल्यांग३. आकडा आणि वस्तूच्या मध्ये मोजशब्द लागतो, आपण ‘तीन जण’, ‘पाच नग’ म्हणतो तसा, फक्त तिथे तो सक्तीचा आहे. सुरुवातीला सगळीकडे कऽ४ वापरा, समजून घेतात.

मोठ्या रकमांत लक्ष द्या. चिनी हिशोबाचा टप्पा दहा हजार, त्याला वान४ म्हणतात. आपला लाख म्हणजे दहा वान, कोटी म्हणजे हजार वान, दहा कोटींना ई४ हा वेगळा शब्द. पगार, भाडं, घराच्या किमती सगळं वानमध्ये बोलतात.

पायरी ६: आजची बोली

इथे आधी ओळखायला शिका, वापरायला नंतर. ही बोली फार लवकर शिळी होते. केय३ ली४ (जोरदार, दमदार) हा शब्द २०१० मध्ये इतका चालला की १० नोव्हेंबरला सरकारी पीपल्स डेलीच्या पहिल्या पानावरच्या मथळ्यात आला. आज तो वापरलात तर समजतील, पण तुम्ही कुठल्या काळातले ते लगेच कळेल.

सगळ्यात टिकाऊ गट आकड्यांचा. ६६६, ल्योव४ तीनदा, म्हणजे ‘काय सफाई!’; सफाईदार या अर्थाचा शब्दही ल्योव४ असाच उच्चारतात. खेळाच्या थेट प्रक्षेपणात पडदाभर हेच आकडे धावतात. ५२० चा उच्चार ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ याच्या जवळ जातो, म्हणून २० मे हा तिथे प्रेमिकांचा दिवस आणि त्या दिवशी ५२० युआन पाठवायची पद्धत. ८८ म्हणजे बाय बाय. २५०, अर४ पाय३ ऊ३, हा मात्र ‘बावळट’ या अर्थाचा जुना अपशब्द आहे; कुणाला त्या रकमेची भेट देऊ नका.

दुसरा गट कामाच्या थकव्याचा. आजच्या तरुण चीनला समजून घ्यायचं असेल तर या शब्दांवर वेळ घालवा. ९९६ म्हणजे सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस. २०१९ मध्ये प्रोग्रामर मंडळींनी याविरुद्ध ऑनलाइन मोहीम उभी केली आणि २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं. नेय४ च्युएन३, शब्दशः आत वळत जाणं, २०२० पासून सगळ्यांच्या तोंडी आहे. सगळेच जीव तोडून धावतात आणि पुढे कुणीच जात नाही, अशी स्पर्धा. आता नुसतं च्युएन३ म्हणतात: थाय४ च्युएन३ ल, फारच चढाओढ आहे. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत वर्षं काढलेल्या मराठी मुलांना हा शब्द एकदा सांगितला की पुन्हा सांगावा लागत नाही. त्याचं उत्तर म्हणून २०२१ मध्ये थांग३ फींग२ आला: आडवं पडणं, शर्यतीतून उठून जाणं. पाय३ लान४ त्याहून पुढचा: बिघडलंय ना, मग बिघडू दे. नोकरदार स्वतःला ता३ कोंग१ रन२ म्हणवतात, आणि २०२४ मध्ये गाजलेला पान१ वेय४ म्हणजे अंगाला, चेहऱ्याला चिकटलेला नोकरीचा वास.

तिसरा गट गप्पांचा. छ१ क्वा१, कलिंगड खाणं, म्हणजे दुसऱ्यांच्या भानगडीची बाजूला बसून मजा बघणं. आता क्वा१ म्हणजेच ताजी भानगड. षऽ४ खोंग३ म्हणजे चारचौघांत बुजणारा. चोंग४ छ़ाव३, गवत लावणं, म्हणजे एखाद्या वस्तूची हाव मनात पेरणं. त्वो४ षोव३, हात तोडणं, म्हणजे आवरत नसलेली ऑनलाइन खरेदी, खास करून ११ नोव्हेंबरच्या सेलमध्ये.

रोमन आद्याक्षरांची बोलीही आहे. पिनयिनने टाइप करताना पहिलीच अक्षरं दाबायची सवय असते, त्यातून ती रुजली. वायवायडीएस म्हणजे योंग३ युएन३ तऽ षन२, ‘कायमचा देव’, सर्वोत्तम या अर्थी. २०२१ मध्ये तो सर्वत्र होता, आता मागे पडतो आहे.

निर्धास्त वापरावेत असे दोन. च्या१ योव२, शब्दशः तेल घाल, अर्थ ‘जोर लाव’. परीक्षा, सामना, आजारपण, कुठेही चालतो. आणि न्योव२, बैल, अर्थ ‘भारीच’. न्योव२ पी१ असा जोडशब्द ऐकू येईल, तो अश्लील मुळाचा आहे. कामाच्या ठिकाणी टाळा.

शेवटी चॅटमधली वागणूक, जी शब्दांपेक्षा जास्त बोचते. हा१ हा१ म्हणजे हसू, पण हऽ१ हऽ१ असं लिहिलंत तर ते तुच्छतेचं हसू समजतात. होकार देताना ‘हं’ या अर्थाचा एकच अन्‌ थंड वाटतो, दोन लिहिले की आपुलकी येते. साधा हसरा पिवळा चेहरा तरुण मंडळी ‘बोलणं संपलं’ या अर्थी घेतात. त्यांच्या आईवडिलांच्या पिढीला तो खरंच हसरा वाटतो.

पायरी ७: रोजचा सराव

रोज पाच-सहा नवे शब्द पुरेत, पण प्रत्येक शब्द एका वाक्यात आणि आवाजासह. प्लेको हा शब्दकोश फोनवर घ्या, आंकी या उजळणीच्या ॲपमध्ये स्वतःची कार्डं बनवा. एचएसके या चिनी भाषेच्या प्रमाण परीक्षेची पहिली पातळी जुन्या रचनेत १५० शब्दांची होती, २०२१ च्या निकषांत ती ५०० शब्दांची केली गेली. यादी निवडताना ती कुठली हे पाहा. ध्येय म्हणून मी १५० ची जुनी यादी सुचवीन. छोटी आहे आणि सगळी कामाची आहे.

वीचॅट, वेयपो (आपल्याकडे वीबो म्हणतात ते) आणि टिकटॉक या चिनी ॲपांवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे बोली ऐकायला यूट्यूबवरच्या चिनी मालिका, रस्त्यावरच्या मुलाखती आणि स्वयंपाकाचे व्हिडिओ हेच खरं साधन. चिनी कार्यक्रमांत पडद्यावर चिनी अक्षरं बहुधा असतातच. एक मिनिटाचा तुकडा घ्या, थांबवत थांबवत ऐका, सोबत बोला, आठवडाभर तोच.

बोलीच्या शब्दांसाठी वेगळी वही ठेवा. शब्दापुढे तीन गोष्टी लिहा: कुठल्या वर्षी ऐकला, बोलणारा साधारण कोणत्या वयाचा होता, आणि मुख्य भूमीवरचा की तैवानचा. ही शेवटची नोंद टाळू नका. थू३ तोव४ म्हणजे पेयचींगमध्ये बटाटा आणि तैपेयमध्ये शेंगदाणा. वर्षअखेरीस शांघायचं एक भाषाविषयक नियतकालिक त्या वर्षीचे दहा गाजलेले शब्द जाहीर करतं. ती यादी डिसेंबरमध्ये शोधा आणि आपल्या वहीशी ताडून बघा.